दारूच्या दाण्याला भोक कशासाठी?

काकतीची लेक कित्तूरची राणी झाली आणि १८२४ च्या ऑक्टोबरात तिच्या लोकांनी धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याला गोळी घालून पाडला, हे बेळगाव भागातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. डिसेंबरात कित्तूरचा किल्ला पडला. तो कसा पडला याची जी हकीकत सांगतात ती अशी: फितुरांनी तोफांच्या दारूत शेणमाती कालवली होती. खरं किती आणि दंतकथा किती, हा वाद इतिहासकारांचा. रसायनशास्त्राच्या बाजूनं मात्र त्यात वावगं काही नाही. त्या काळची काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. यातला सोरा पाण्यात विरघळतो. ओलं काही मिसळलं की सोरा कोळशापासून सुटतो, आणि मग तोफ गरजण्याऐवजी फुसफुसते.

या काळ्या दारूची मोठी खोट म्हणजे तिचा धूर. जळल्यावर तिच्या वजनातला अर्ध्याहून अधिक भाग घन पदार्थ म्हणूनच उरतो. काही धुरात जातो, काही नळीत काजळीसारखा बसतो. गोळीला ढकलणारा वायू होतो तो उरलेल्या भागाचा. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यानं कापसासारख्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून झालेल्या पदार्थाचा लगदा केला, तो लाटला, कापला आणि वाळवला. बिनधुराची दारू ती हीच. जळली की जवळजवळ सगळीचा वायू होतो. जगभरच्या सैन्यांनी आपल्या बंदुका बदलल्या त्या या शोधामुळे.

पण मला चकित करतं ते रसायन नव्हे, आकार. ही दारू एकदम भडकत नाही. पृष्ठभागापासून आत, थर थर करत जळते. चुलीत काटक्या भडाभडा पेटतात आणि ओंडका सावकाश जळतो, तसंच. म्हणजे दाणा बारीक केला की उघडा पृष्ठभाग वाढला आणि दारू घाईची झाली. जाड केला की ती संथ झाली. पदार्थ तोच. आता अडचण बघा. गोळी नळीतून पुढे सरकते तसतशी तिच्या मागची जागा वाढत जाते, म्हणून दाब टिकवायला वायूही वाढता हवा. भरीव दाणा मात्र जळताना लहान होतो, त्याचा पृष्ठभाग घटतो आणि ऐन गरजेच्या वेळी वायू कमी पडतो. यावर तोड काय काढली? दाण्याला मधोमध भोक पाडलं. बाहेरचा घेर जेवढा आक्रसतो तेवढाच आतला घेर रुंदावतो, बेरीज कायम. तांदळाहून बारीक त्या नळीत शाळेतली भूमिती जळत असते. मोठ्या तोफांच्या दाण्यांना तर सात सात भोकं असतात, त्यामुळे जळताना पृष्ठभाग चक्क वाढत जातो. लहान बंदुकीच्या दाण्यावर शिवाय सुरुवातीची घाई रोखणाऱ्या रसायनाचा लेप देतात, आणि सगळ्यावर ग्राफाइटची पूड. त्या काळ्या चकाकीमुळे दाणे एकमेकांवरून घसरतात आणि स्थिर विजेची ठिणगीही पडत नाही.

कुठली दारू निवडायची, हा प्रश्न सर्वांत हौसेनं चघळला तो अमेरिकेतल्या शेतावरच्या नेमबाजांनी. कुरणं पोखरणारे घुशीएवढे प्रेअरी डॉग आणि त्यांचे मोठे भाऊबंद लांबून टिपायचे, त्यासाठी गोळी छोटी, हलकी आणि अतिवेगवान हवी. नळीचा व्यास सारखाच, साडेपाच मिलिमीटरांच्या आसपास. पण काडतुसांच्या पुंगळ्या मात्र वेगवेगळ्या. १९३० च्या सुमाराची २२ हॉर्नेट अगदी सडपातळ. १९३५ ची २२० स्विफ्ट गलेलठ्ठ, सेकंदाला बाराशे मीटरांच्या पुढे गोळी फेकणारी. १९५० ची २२२ रेमिंग्टन या दोघींच्या मधली. वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ही मंडळी घरीच काडतुसं भरतात. दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनारांच्या गुंजेच्या साधारण निम्मा.

हॉर्नेटच्या छोट्या पुंगळीला घाईची दारू लागते, कारण वायू थोडाच व्हायचा असतो आणि तो लवकर व्हायला हवा. स्विफ्टमध्ये तीच दारू भरली तर अनर्थ. एवढा मोठा साठा एवढ्याशा छिद्रातून निघायचा, आणि गोळी जागची हलण्याआधीच दाब शिखराला पोचलेला. तिथं संथ दारूच हवी. हा सगळा खेळ चालतो किती वेळ? खटका ओढल्यावर गोळी नळीत असते ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती. २२२ चीच धाकटी बहीण २२३ हिच्यात तेवढ्या वेळात दाब हवेच्या दाबाच्या जवळपास पावणेचार हजार पट चढतो आणि उतरतोही. त्या क्षणाच्या आतली घाई आणि सावकाशी माणसानं दाण्याच्या जाडीनं ठरवावी, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

बाकी बारकावे पुष्कळ आहेत. गोलसर दाणे मापातून पाण्यासारखे ओघळतात, कांडीसारखे अडकतात. उन्हात तापलेली दारू जास्त जोरानं जळते, थंडीत मंदावते. म्हणून हवामानाला कमी जुमानणारी एक दारू ऑस्ट्रेलियात तयार होते, तिचं नाव व्हारगेट.

हे सगळं आपल्यापासून दूरचं वाटत असेल तर बेळगावच्या छावणीकडे पाहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र तिथं आहे. आपल्या सैन्यानं वर्षानुवर्षं वापरलेल्या इन्सास रायफलीचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस त्या २२२ रेमिंग्टनच्याच वंशातलं. ही काडतुसं भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात तयार होतात, आणि बंदुकी-तोफांची दारू भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात. त्या कामाची जोखीम किती, हे २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथं जीव गमावलेल्या कामगारांच्या घरच्यांना विचारावं.

चुकीच्या निवडीची सर्वांत महाग किंमत मोजली ती अमेरिकेनं. एम-१६ रायफल आधी कांडीच्या दाण्याच्या दारूवर जुळवली होती. १९६४ मध्ये सैन्यानं गोल दाण्याची दारू घेतली. वेग तोच, कमाल दाबही मर्यादेत. कागदावर सगळं ठीक. पण ही दारू नळीत पुढेपर्यंत जोर धरून राहायची. त्यामुळे यंत्रणा वेळेआधी उघडू लागली आणि मिनिटाला सुटणाऱ्या गोळ्या वाढल्या. दारूतल्या आम्लाचा अंश मारायला घातलेल्या चुनखडीची पुटं वायूच्या नळीत चढली. त्यातच पुंगळी बसते त्या घरात क्रोमचा मुलामा नाही, आणि सैनिकांना सांगितलेलं की ही रायफल साफ करायची गरजच नाही. व्हिएतनामच्या दमट जंगलात ऐन चकमकीत पुंगळ्या अडकल्या, माणसं मेली. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी केली. पुढे मुलामा आला, यंत्रणेचा वेग आवरला, चुनखडीचं प्रमाण घटवलं. गोल दाणा मात्र कायम राहिला. म्हणजे दोष दाण्याचा नव्हताच. जोडी जुळवून न पाहण्याचा होता, असं माझं मत.

आपल्याकडे घरी काडतुसं भरायचा छंद नाही, आणि नाही तेच बरं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे उसात शिरलेल्या रानडुकरावरही आपल्या मनानं बंदूक चालवता येत नाही. पण जुन्या वाड्यांच्या माळ्यावर ठासणीची बंदूक आणि तिच्यासोबत दारूचं शिंग निघू शकतं. बिनधुराची दारू काळानं आपोआप कुजते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तशीच पेटते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातला, म्हणजे १८६० च्या दशकातला तोफगोळा साफ करताना एक संग्राहक स्फोटात ठार झाला. असं शिंग हाती लागलं तर त्याचं बूच उघडू नका, आत काय आहे ते काडी ओढून तर अजिबात पाहू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.