काट्यावरून ओळख हरवलेल्या माशाची

नाहीसा झालेला मासा पुन्हा सोडायचा, पण तो नेमका होता कोणता? बाल्टिक समुद्रातल्या स्टर्जनच्या जुन्या अवशेषांतला डीएनए तपासला, तेव्हा २००२ मध्ये तो चक्क अमेरिकी वंशाचा निघाला! मग बीज कॅनडातून आणले.

हैदराबादला उप्पल रोडवर 'सीसीएमबी' या संस्थेत प्राचीन डीएनए तपासतात. अडचण आपल्याकडच्या उन्हाची. उष्णतेने डीएनएचे तुकडे होतात. राखीगढीच्या ६१ मानवी नमुन्यांतून हाती लागला तो एकच (२०१९).

तरी खटाटोप हवा. भलताच मीनु सोडला की काय होते, ते कावेरीत दिसले. लोणावळ्याहून आणलेली दख्खनी महासीरची बोटुकली तिथे वाढली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महासीर मागे हटत गेला.