पॅनवरचा माणूस

दौंड–मनमाड मार्गावर बेलापूर स्टेशनात उतरलात, की बाहेर येता ते श्रीरामपुरात. बेलापूर गाव राहतं लांब, प्रवरेकाठी. आणि साखरधंद्यात हे नाव गाजवणाऱ्या बेलापूर कंपनीचा कारखाना होता तिसरीकडेच, हरेगावला! डब्ल्यू. एच. ब्रॅडी या पेढीच्या व्यवस्थापनाखालची ही कंपनी. प्रवरेचे कालवे आले, 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि या माळावर ऊस उभा राहिला. 1950 साली प्रवरेचा सहकारी कारखानाही सुरू झाला. हरेगावची चाकं आता केव्हाच थांबली आहेत.

अशा कारखान्याची जमीन, गव्हाणी, बॉयलर या सगळ्यांना ताळेबंदात रकाना असतो. पॅनमनला नसतो.

पॅन म्हणजे साखर शिजवायचं बंद, उभं भांडं. आतली हवा ओढून घेतल्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो, करपत नाही. पॅनमन काचेतून आत बघतो, दांडीनं नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो. मग अंगठा आणि बोट जुळवून तार बघतो. बीजदाणा लवकर सोडला तर विरघळतो. उशीर झाला तर पाकात आपोआप बारीक भुकटी धरते, तो खोटा दाणा. मग साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनवर मळी नीट सुटत नाही, जास्त पाणी मारावं लागतं आणि झालेली साखर पुन्हा विरघळून वाहून जाते. दिवसाला 5000 टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा 0.1 टक्क्यानं घसरला, तर रोज 5 टन साखर गेली म्हणून समजा.

गुऱ्हाळातला गुळव्या हा पॅनमनचा थोरला भाऊ. तो काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी बघतो, हा काचेवर दाणा.

आता पॅनवर संगणक आलेत, 1975 पासून पुण्याजवळच्या मांजरीची संस्था साखरतंत्र शिकवते आहे. चांगलंच आहे. पण तोडून चार दिवस पडलेल्या उसाचा चिकट रस पॅनमध्ये येतो तेव्हा आकडे बघूनही हात कुठे आखडायचा, ते जुन्या माणसाला आधी कळतं. कुशल हंगामी कामगाराला बंद काळात थोडा पगार देण्याची पद्धत आहे. हिशेबाच्या वहीत कसबाला मिळालेली एवढीच काय ती ओळ.

संचालक मंडळींनो, पुढच्या गळिताला नवं यंत्र जरूर आणा. पण निवृत्तीला टेकलेल्या पॅनमनशेजारी एक तरुण पोरगा आत्ताच उभा करा, आणि पट्टी त्याच्या हातात द्या.