शिफारसपत्र कुणाचं घ्यावं?

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही उन्हाळी कार्यक्रम असतो. असा अर्ज भरायला बसलेली मनमाडची बीएस्सीची मुलगी मार्कलिस्टपाशी अडत नाही, शिफारसपत्रापाशी अडते. घरचे प्राचार्य सुचवतात, मैत्रिणी एचओडी, आणि एखादे काका संस्थेच्या पदाधिकाऱ्याचं नाव काढतात. समज एकच, की पद जितकं मोठं तितकं पत्र वजनदार. ‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे वशिल्याच्या शेजारीच राहतो, त्यामुळे हा गोंधळ साहजिक आहे. पण बंगळुरूत पत्र वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला मनमाडचे प्राचार्य जितके अनोळखी, तितकेच तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सरही. सही कुणाचीही असो, त्याच्या हाती उरतो तो मजकूर. टायट्रेशनचं रीडिंग जुळेना तेव्हा मुलीने आकडा ‘बसवला’ की पुन्हा ब्युरेट भरली, हे त्याला कळायला हवं असतं, आणि ते सांगू शकतो फक्त प्रॅक्टिकलला तिच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस.

गुण आणि ओळख दोन्ही असून भागत नाही, याचा दाखला मराठी घरातलाच आहे. 1933 साली मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढच्या कमला सोहोनी) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी वर्षभर काम केलं, आणि ते पाहिल्यावरच रामन यांचं समाधान झालं. उदाहरण तंतोतंत लागू नाही, कारण रामन यांचा आक्षेप गुणांवर नव्हता, बाई असण्यावर होता. पण तो आक्षेप मागे पडला तो डोळ्यांदेखत झालेल्या कामामुळे.

दुसरा समज असा की पत्रात स्तुती भरपूर असली म्हणजे झालं. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. स्त्री उमेदवारांची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत मेहनतीचं कौतुक पुरुषांच्या पत्रांपेक्षा अधिक वेळा भेटत होतं. ती पत्रं अनुभवी डॉक्टरांसाठीची होती, बीएस्सीच्या मुलींसाठीची नव्हती, हे खरं. पण ‘कष्टाळू, नियमित, सुस्वभावी’ ही विशेषणं आपल्या वर्तणुकीच्या दाखल्यातही जशीच्या तशी सापडतात, आणि त्यांतून प्रयोगशाळेतल्या हाताविषयी काहीच कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, वर्गात एवढी मुलं, सरांना नावही आठवत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही सवय तिच्यातूनच येते. पण स्वतः लिहिलेल्या पत्रात नेमकी साक्षच नसते. त्याऐवजी जर्नल, प्रकल्पाचा कच्चा आराखडा आणि कुठल्या प्रयोगात काय चुकलं याची अर्ध्या पानाची टिपणं सरांच्या हाती द्यावीत, तीही मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन आठवडे आधी. आठवण परत आणायला एवढं बहुधा पुरतं. ‘नक्की काही सांगण्यासारखं लिहू शकाल का?’ असं सरळ विचारावं. सर घुटमळले तर दुसऱ्या शिक्षकांकडे जावं, त्यात अपमान कुणाचाच नाही. प्राचार्यांची सही लागेल ती ना हरकत प्रमाणपत्रावर, आणि तो कागद वेगळा.