हेरवाडचा ठराव

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1917 साली विधवा-पुनर्विवाहास कायद्याचे संरक्षण दिले. परंतु सरकारी फर्मानाने जे धर्म्य ठरते ते घराच्या उंबरठ्याआत रुजण्यास किती काळ लोटावा लागतो, याची साक्ष शिरोळ तालुक्यातील हेरवाडने दिली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे 2022 मध्ये, या गावच्या ग्रामसभेने, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि पायांतील जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव मंजूर केला.

त्या वेळी ग्रामविकास खात्याचा कारभार कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे होता. आणि त्याच महिन्यात या खात्याने परिपत्रक काढून राज्यातील सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

तथापि वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा: कायदा विधिमंडळ करते आणि त्याच्या उल्लंघनास शिक्षा सांगता येते, परिपत्रक हा प्रशासनाचा निर्देश, तर ठराव हा गावाने स्वतःशी केलेला करार. म्हणूनच त्याची खरी अंमलबजावणी दफ्तरात नव्हे, तर अंत्यविधीच्या घडीला, बांगड्यांकडे जाणारा हात नातलगांनीच अडविण्यात आहे. आपल्या गावाने असा ठराव केला नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो विषय अवश्य मांडावा.