जबाब चौकात नको

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीचा जबाब नोंदवला गेला. तक्रार तिच्या भावाने दिली होती. सगळ्यांचं म्हणणं लिहून घेऊन हेडकॉन्स्टेबल जेवायला घरी गेला आणि ठाण्यातल्या दोन शिपायांनी मुलीला थांबवून घेतलं. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये त्या दोन्ही पोलिसांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या बदलातला कोठडीतल्या बलात्काराचा भाग सर्वांच्या लक्षात राहिला. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा ठरला तोही त्याच दुरुस्तीने, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलीचं नाव मात्र दुरुस्ती होईतोवर देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलं होतं. इथे ते लिहीत नाही.

नाव झाकायचं, ही तेव्हापासून आपल्या कायद्याची मुख्य युक्ती झाली. शहरात ती बऱ्यापैकी चालते. मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या सावली तालुक्यात किंवा वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावांत ती पुरत नाही. शंभर घरांच्या गावात पोलिसांची गाडी कुणाच्या दारात उभी राहिली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक असतं. ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडून, पोलीस पाटलाच्या आणि चार बघ्यांच्या देखत बयान घेतलं, तर नंतर कागदावरचं नाव खोडून काय साधणार? शिवाय जबाबातला मजकूरच माणूस ओळखून देतो. ‘मी माझ्या बांधीत रोवणी करत होतो, तिथून विहीर दिसते’ एवढं वाक्य पुरे. त्या विहिरीजवळ कुणाची धानाची बांधी आहे हे गावातलं पोरही सांगेल. भामरागड-एटापल्लीकडे आणखी एक अडचण येते. साक्षीदार माडिया बोलतो, जबाब मराठीत लिहिला जातो आणि मधला दुभाषी पुष्कळदा त्याच भागातला असतो. कागद कुलूपबंद राहतो, पण शब्द दुभाष्याच्या कानातून गावात पोचलेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की जबाबाची गुप्तता तो लिहून झाल्यावर सुरू होत नाही. साक्षीदाराला निरोप कोणी दिला, त्याला कुठे बसवलं आणि ऐकायला कोण होतं, तिथेच ती राहते किंवा जाते.

बोलणारा ओळखला जाण्याची भीती किती खरी आहे ते शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत दिसलं. सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला एका पोलीस पाटलाला मारहाण झाली. भोतमांगे कुटुंबातल्या आई-मुलीने मारणाऱ्यांची नावं सांगितली. आरोपी 29 सप्टेंबरला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये निकाल देताना हत्येमागे त्या मारहाणीच्या प्रकरणात गोवल्याचा सूड आहे असं धरलं. जातीचा प्रश्न बाजूला सारणारा तो निष्कर्ष अनेकांना पटला नाही, मलाही पटत नाही. पण तो जसाच्या तसा मान्य केला तरी त्याचा अर्थ एवढाच निघतो की दोन दलित बायकांनी पोलिसांना जे खरं सांगितलं, त्याची किंमत कुटुंबाने जीव देऊन मोजली. जामिनाच्या दिवशी त्या घराकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हा साक्षीदार-संरक्षणाची देशव्यापी योजना नव्हती. ती 5 डिसेंबर 2018 रोजी महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती, पोलिसांकडून पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल, गरजेप्रमाणे बंद दालनात साक्ष, ओळख लपवणं, घर बदलणं, असं बरंच काही तिच्यात आहे. योजनेचे कागद न्यायालयाच्या लेखी हुकमाशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत, असंही तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण योजनेतली ‘गुन्ह्या’ची व्याख्या वाचली की मन खट्टू होतं. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्याहून जास्त कैदेचे गुन्हे, आणि त्यांच्या जोडीला विनयभंगासारखी काही कलमं, एवढाच तिचा आवाका आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्याला 1955 च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली एक ते सहा महिन्यांची शिक्षा आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात कमाल तीन वर्षं आहे. म्हणजे विहिरीवर पाणी नाकारल्याचा किंवा एखाद्या घराला वाळीत टाकल्याचा साक्षीदार या योजनेच्या दाराबाहेरच राहतो. शिक्षेच्या वर्षांवरून साक्षीदाराचा धोका मोजणं चूक आहे. खुनाचा आरोपी बहुतेकदा कोठडीत असतो. बहिष्कार घालणारे मोकळे असतात, दुकान, पिठाची गिरणी आणि मजुरी त्यांच्याच हातात असते.

अॅट्रॉसिटी कायद्याने मात्र शिक्षेचा उंबरठा ठेवला नाही. 2015 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 15-अ साक्षीदाराचं नाव-पत्ता निकालातून आणि लोकांना पाहता येणाऱ्या कागदांतून वगळण्याचा अधिकार न्यायालयाला देतं. हाच मार्ग बाकीच्या नागरी हक्कांच्या कायद्यांना का नको, याचं सयुक्तिक कारण मला सापडत नाही. त्याची गरज जवळच दिसते. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना चौकात बांधून मारलं. एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात मे 2024 मध्ये त्याच संशयावरून दोघांना जाळून मारलं. अशा गुन्ह्यांत आरोपी गावच असतो आणि साक्षीदारही गावच. खरं बोलणाऱ्याला त्याच वस्तीत, बहुधा आरोपीच्या नातेवाइकांत, उरलेलं आयुष्य काढायचं असतं.

यावर पहिला आक्षेप वकिलांचा असतो, आणि तो हलका नाही. आपल्याविरुद्ध कोण काय बोललं हे कळल्याशिवाय आरोपी बचाव कसा करणार? बरोबर आहे, म्हणूनच दोषारोपपत्रासोबत जबाबांच्या प्रती त्याला मिळतात आणि मिळाल्याच पाहिजेत. पण उलटतपासणीसाठी साक्षीदाराचा आजचा पत्ता लागत नाही. न्यायाला ज्याची गरज नाही आणि जो उघड करणं लोकहिताचं नाही, असा जबाबाचा भाग प्रतीतून वगळण्याची विनंती पोलीस दंडाधिकाऱ्यांना करू शकतात. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ती वापरली तर साक्षीदाराला सर्वांत धोक्याचे पहिले काही महिने सुरक्षित मिळतात आणि आरोपीच्या हक्काला धक्का लागत नाही. गुप्ततेमुळे खोट्या तक्रारी वाढतील असंही म्हणतात. पण नाव लोकांपासून झाकलं तरी न्यायालयाला ते माहीत असतं, आणि खोट्या साक्षीची शिक्षा कुणी काढून घेतलेली नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. गडचिरोलीत पोलिसांवरच आरोप झालेले आहेत; गुप्ततेच्या नावाखाली तेच कागद दाबतील त्याचं काय? देसाईगंजचा इतिहास समोर असताना हे हसण्यावारी नेता येत नाही. इथे गुप्तता कुणाच्या मालकीची हे ठरवावं लागतं. ती साक्षीदाराची आहे, कार्यालयाची नाही. माहिती अधिकार कायद्यात हा फरक आहे: कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने माहिती देणारा उघडा पडेल अशी माहिती नाकारता येते, पण तेवढाच भाग गाळून बाकीचा कागद द्यावा असं कलम 10 सांगतं. ज्या गुप्तचर आणि सुरक्षा यंत्रणांना या कायद्यातून वगळलं आहे, त्यांनाही मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती, माहिती आयोगाच्या मंजुरीने, द्यावी लागते. चकमकीनंतरच्या दंडाधिकारीय चौकशीचे निष्कर्ष लोकांसमोर यावेत आणि साक्ष देणाऱ्या गावकऱ्याचं नाव पाकिटात बंद राहावं, यात विसंगती काहीच नाही. उलट ज्या भागात ‘खबऱ्या’ ठरवून नक्षलवाद्यांनी माणसं मारली आणि नक्षल समर्थक ठरण्याची धास्तीही लोकांनी सोसली, तिथे ते पाकीट नसेल तर चौकशीला खरं सांगणारा मिळणारच नाही.

नवी नागरिक सुरक्षा संहिता (कलम 398) प्रत्येक राज्याला साक्षीदार-संरक्षण योजना करायला सांगते. सात वर्षांची अट त्या योजनेत सोडून देता येईल. नागरी हक्कांच्या तक्रारीत जबाब गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यासमोर घ्यायचा आणि दुभाषी दुसऱ्या तालुक्यातला आणायचा, असं लिहिता येईल. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष-केंद्रं उभारायला सांगितली आणि धमकी असलेल्या साक्षीदारालाही त्यांत जागा दिली. संरक्षणाच्या अर्जाची समिती मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसते, आणि सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोजीवर जगणाऱ्या माणसाला संरक्षणाचा अर्ज द्यायलाच दोन दिवस मोडावे लागतात, आणि तो कुठे गेला होता हे गावाला त्यावरूनच कळतं. तो अर्ज तालुक्याच्या न्यायालयात, दुसऱ्या कुठल्याही कामाला आल्यासारखा देता यायला हवा.