भर समुद्रात वादळाचा फुल्ल राडा!

टीव्हीवर वादळ कधी दिसतं? किनाऱ्याला धडकलं की! वाकलेले माड, उडालेले पत्रे आणि माइक सांभाळत तिरका उभा राहिलेला रिपोर्टर. पण मंडळी, हा सगळा शेवटचा अंक. खरा धिंगाणा त्याआधीच होऊन गेलेला असतो, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, जिथे ना कॅमेरा ना पब्लिक. आज आपण तिकडेच निघालोय. पट्टा आवळा, सुटूया!

माहीत आहे का, अमेरिकेला झोडपणाऱ्या हरिकेन्सचं माहेर बहुतेक वेळा आफ्रिका असतं? तिथल्या आकाशात पूर्वेकडून पश्चिमेकडे हवेच्या लाटा सरकत असतात. वर्षाला साधारण 60 लाटा अटलांटिकवर उतरतात. त्यातल्या बहुतेक ऑडिशनमध्येच गळतात. सहाराची कोरडी, धुळकट हवा त्यांना पाण्याआधी धूळ चारते! पण अटलांटिकमधल्या तगड्या हरिकेन्सपैकी सुमारे 85 टक्के याच लाटांमधून उभी राहतात.

सिलेक्शनच्या अटी कडक आहेत हं. समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअस तरी हवं, आणि तेही वरवर नाही, चांगलं 50 मीटर खोलपर्यंत. वाफ वर जाते, थंड होऊन तिचे ढग होतात, त्यात दडलेली उष्णता सुटते, हवा आणखी जोरात वर उसळते, खाली दाब घसरतो आणि आजूबाजूची हवा आत धावते. ती येताना आणखी वाफ घेऊन येते. म्हणजे वादळ जितकं खातं तितकी त्याची भूक वाढते!

आणि विषुववृत्तावर? तिथे नो एंट्री! पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी कलाटणी मिळते, ती तिथे जवळजवळ शून्य. गिरकीच नाही तर वादळ कुठलं? तरीही 2001 च्या डिसेंबरात ‘वामेई’ नावाच्या पठ्ठ्याने विषुववृत्तापासून दीड अंशावर, थेट सिंगापूरच्या शेजारी वादळ बनून दाखवलं. नियमाला अपवाद असतोच, हा अपवाद चक्क वादळी निघाला.

जाता जाता: बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूने आणि दक्षिणेत दुसऱ्या बाजूने फिरतं म्हणतात ना? थाप! बेसिन फार छोटं पडतं. वादळं मात्र हा नियम इमानदारीत पाळतात. आपल्याकडे घड्याळाच्या उलट, ऑस्ट्रेलियाकडे सुलट.

वाऱ्याने ताशी 119 किलोमीटरची रेघ ओलांडली की प्रमोशन! अटलांटिकमध्ये आणि अमेरिकेच्या बाजूच्या प्रशांत महासागरात ‘हरिकेन’, आशियाच्या बाजूला ‘टायफून’. काम तेच, फक्त व्हिजिटिंग कार्ड वेगळं. आता 1994 चा ‘जॉन’ बघा. हा गडी हरिकेन म्हणून निघाला, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून टायफून झाला आणि परत फिरून पुन्हा हरिकेन! एकतीस दिवसांत सुमारे 13,000 किलोमीटर. एवढं फिरून व्हिसाची भानगड नाही.

वाढीचा वेग विचारूच नका. 2015 च्या ऑक्टोबरात मेक्सिकोजवळच्या प्रशांत महासागरात ‘पॅट्रिशिया’चा वारा 24 तासांत ताशी जवळजवळ 195 किलोमीटरने वाढला. वाढला, म्हणजे आधी होता त्याच्या वर! टॉप स्पीड ताशी 345 किलोमीटर. आणि 2005 ची ‘विल्मा’? एका दिवसात केंद्रातला दाब 97 मिलिबारने घसरून 882 वर. तिचा डोळा इतका आक्रसला की रुंदी उरली जेमतेम पावणेचार किलोमीटर. एरवी हरिकेनचा डोळा 30 ते 65 किलोमीटरचा असतो. विल्माने एवढ्याशा डोळ्यानेच अख्ख्या कॅरिबियनकडे डोळे वटारले.

वादळाच्या मधोमधच्या या डोळ्यात असतं काय? वारा जवळजवळ गायब, वर निळं आभाळ. भोवती मात्र ढगांची गोल भिंत, पंधराएक किलोमीटर उंच. सगळ्यात भयंकर वारा आणि पाऊस या भिंतीतच असतो. आणि खाली समुद्र? तो डोळ्यातसुद्धा खवळलेलाच! चारी बाजूंच्या लाटा तिथे येऊन एकमेकींना धडकतात. तेव्हा डोळ्यात सापडलेल्या जहाजावर कोणी ‘हुश्श’ म्हणत नाही.

साइज हवी? 1979 चा टायफून ‘टिप’: व्यास 2,220 किलोमीटर. त्याचा डोळा मुंबईवर ठेवला तर कडा जवळजवळ दिल्लीला टेकेल! समुद्रसपाटीवर आजवर मोजलेला सर्वांत कमी वादळी दाबही त्याचाच, 870 मिलिबार. दुसऱ्या टोकाला 2008 चा ‘मार्को’. त्याचे वादळी वारे केंद्रापासून जेमतेम 19 किलोमीटरपर्यंत पोचायचे. टिपच्या खिशात असे कितीतरी मार्को!

आता आपली आजची स्टार: ‘इओके’! ऑगस्ट 2006, हवाईच्या दक्षिणेला खूप दूर, जिथे नकाशावर निळ्याशिवाय दुसरा रंग नाही. बया जन्मली आणि एक-दोन दिवसांत पाचपैकी चौथ्या श्रेणीत गेली. वाटेत जॉन्स्टन प्रवाळबेट लागलं. तिथे आलेल्या एका जहाजाच्या 12 जणांनी वादळातही टिकणाऱ्या बंकरमध्ये बसून तिला वाट करून दिली. पुढे ती पाचव्या श्रेणीत गेली आणि वाररेषा ओलांडून टायफून झाली. आता निशाण्यावर वेक बेट! अमेरिकी हवाई दलाने आधीच 188 जणांना विमानात घालून बेट रिकामं केलं. इओके आली, छपरं उचकटली, पण झोडपायला माणूस एकही नाही. तब्बल 198 तास, म्हणजे आठ दिवसांहून जास्त, ती चौथ्या किंवा त्यावरच्या श्रेणीत टिकून होती. एवढा स्टॅमिना कुठून? पायाखाली कोमट पाणी, डोक्यावर शांत वारा आणि आडवी यायला जमीनच नाही. शेवटी तिचे अवशेष पार अलास्काच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. विषुववृत्ताच्या शेजारून ध्रुवाच्या शेजारी! माझं मत विचाराल तर वादळांचा जीवनगौरव पुरस्कार हिलाच.

पण कोणी नसताना हे सगळं मोजतं कोण, माहीत आहे का? उपग्रह तर आहेतच. पण काही शहाणे विमानातून थेट आत घुसतात, आणि याची सुरुवात झाली चक्क एका पैजेतून! जुलै 1943, टेक्सास. हरिकेन येतंय म्हणून तळावरची विमानं हलवायची की नाही यावर खल चाललेला. तिथे शिकायला आलेले ब्रिटिश वैमानिक ‘टेक्सन’ या एका इंजिनाच्या सरावाच्या विमानाची टिंगल करत होते. कर्नल जोसेफ डकवर्थना ते झोंबलं. लागली पैज! जोडीला नॅव्हिगेटर राल्फ ओ’हेअर. दोघं त्याच विमानात बसले, ढगांची भिंत फोडून डोळ्यात शिरले आणि सुखरूप परत आले. किस्सा संपला? छे! धावपट्टीवर हवामान अधिकारी वाट बघत उभा. म्हणाला, मलाही न्या! ओ’हेअर उतरले, ते महाशय चढले आणि डकवर्थ त्याच दिवशी दुसऱ्यांदा हरिकेनमध्ये. पहिली फेरी पैजेची, दुसरी आग्रहाची.

आज हे काम अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेची दोन दणकट टर्बोप्रॉप विमानं करतात. त्यांची नावं? ‘कर्मिट’ आणि ‘मिस पिगी’! होय, मपेट शोमधला तो बेडूक आणि ती डुकरीण. यांच्या पोटातून ‘ड्रॉपसाँड’ सोडतात. हातभर लांब नळकांडं, डोक्यावर चिमुकलं पॅराशूट. समुद्रात बुडेपर्यंत ते वारा, दाब, तापमान आणि दमटपणा यांची रनिंग कॉमेंटरी देत राहतं. पाण्यात पडलं की कॉमेंटेटर आउट.

आणि लाटांच्या उंचीवरून वादळ कसं दिसतं? तेही शूट झालंय! 30 सप्टेंबर 2021 रोजी ‘सॅम’ या चौथ्या श्रेणीच्या हरिकेनमध्ये एक सात मीटर लांबीची केशरी होडी शिरली. नाव ‘सेलड्रोन’, आत नावाडी नाही. वारे ताशी 190 किलोमीटरच्या वर, लाटा 15 मीटर. व्हिडिओत आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, कळत नाही. सगळा करडा फेस! होडी आडवी होते, बुडते, पुन्हा वर येते. केशरी रंग मात्र शाबूत.

पंधरा मीटरला घाबरलात? 2004 मध्ये ‘आयव्हन’ मेक्सिकोच्या आखातातून गेला, तेव्हा समुद्रतळावर ठेवलेल्या यंत्रांनी 27.7 मीटरची लाट नोंदवली. नऊ मजली इमारत, तीही चालती!

सगळे वादळापासून पळत असताना त्याच्या मागे कोण लागतं? एक पक्षी! मदेराजवळच्या बुजिओ बेटावर घरटी करणारा ‘डेझर्टास पेट्रेल’. यातले काही पक्षी चक्रीवादळाच्या मागोमाग हजारो किलोमीटर उडतात, हे त्यांना बसवलेल्या ट्रॅकरवरून दिसलं. शास्त्रज्ञांचा अंदाज: वादळाने घुसळलेल्या पाण्यात खालचे मासे-माकूळ वर येतात, म्हणून. वादळ म्हणजे आपत्ती? यांच्यासाठी बुफे!

अहो, आपल्या अरबी समुद्राला विसरून कसं चालेल! 24 ऑक्टोबर 2019. विधानसभेचा निकाल लागला, मुंबईत राजकीय वारे सुटले, आणि त्याच दिवशी समुद्रात ‘क्यार’ आकार घेत होतं. कोकणाला भरपूर भिजवून, भातशेतीची नासाडी करून त्याने पाठ फिरवली आणि पश्चिमेला निघालं. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते भर समुद्रात ‘सुपर सायक्लोन’ झालं. 2007 च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात प्रथमच! क्यार अजून विरलंही नव्हतं, तोच दुसरं वादळ हजर. नाव? ‘महा’! ते नाव ओमानने सुचवलेलं, आपल्या राजकारणाशी संबंध शून्य. टायमिंग मात्र कडक.

टिकाऊपणाचा वर्ल्ड रेकॉर्ड ‘फ्रेडी’कडे: 2023, तब्बल 36 दिवस. ऑस्ट्रेलियाजवळ जन्म, अख्खा हिंदी महासागर आडवा पार, मग मादागास्कर, मोझांबिक, परत समुद्रात, परत मोझांबिक. इथे मात्र जोक बंद. मलावीत पुराने आणि दरडींनी हजारावर माणसं नेली.

मग वादळ मरतं कसं? कधी जमिनीवर, कधी वरच्या आडव्या वाऱ्याने चिरफाड होऊन, आणि कधी स्वतःच्याच हाताने! एका जागी रेंगाळलं की ते खालचं थंड पाणी घुसळून वर आणतं. बशीतला चहा फुंकून आपणच गार करावा, तसं ते स्वतःचं इंधन गार करून टाकतं. वादळ गेलेल्या वाटेवर पाणी काही अंशांनी थंड झालेलं असतं. उपग्रहाच्या तापमान-नकाशात तो पट्टा चक्क ओळखू येतो.

आणि काही वादळं उत्तरेला जाऊन नवा अवतार घेतात. 2017 ची ‘ओफेलिया’ हरिकेन म्हणून अझोर्स बेटांजवळून निघाली ती थेट आयर्लंडच्या दिशेने. वाटेत तिने सहाराची धूळ आणि पोर्तुगाल-स्पेनमधल्या वणव्यांचा धूर उचलला, आणि 16 ऑक्टोबरला लंडनकरांना भर दिवसा लालभडक सूर्य दिसला. गंमत अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रात झाली. तिथल्या नकाशाची हद्द उत्तरेला 60 अंशांपर्यंतच आखलेली. हरिकेन तिकडे कशाला जाईल? ओफेलिया निघाली! मग प्रसिद्ध झालेल्या नकाशात तिच्या वाऱ्यांचा रंगीत पट्टा स्कॉटलंडच्या वर फूटपट्टीने कापल्यासारखा सरळ तुटलेला. बाई आउट ऑफ सिलॅबस गेल्या!