दुकानातल्या संगणकावर ई-मेलची पेटी : बसवावी कशी, जपावी कशी

व्यापारात जबानीला मोल असतेच, पण वाद पडला की कागदच कामाला येतो. दरपत्रक, मागणीचे पत्र, बीजक, माल पोचल्याची पावती, बँकेचे पत्र, सरकारी नोटीस हे सारे कागद आता ई-मेलने येतात आणि जातात. तरीही आपल्यापैकी बऱ्याच लहान व्यापाऱ्यांचा व कारागिरांचा ई-मेल मोबाइलच्या एका कोपऱ्यात पडून असतो. पत्ता कर सल्लागाराने किंवा सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि पेटीत काय येऊन पडले आहे याची खबर मालकाला नाही. दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून आपण गल्ल्यावर बसावे, तसाच हा प्रकार आहे.

दुकानातल्या संगणकावर ई-मेलचे सॉफ्टवेअर बसवून ही किल्ली स्वतःच्या हाती कशी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे. हे काम तासाभराचे असून त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

निकड कशासाठी?

पहिले कारण कायद्याचे आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या कायद्याच्या कलम १६९ नुसार, नोंदणी करताना आपण जो ई-मेल पत्ता दिला त्यावर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस मानली जाते. ‘मी पाहिलीच नाही’ हे उत्तर तेथे चालत नाही. नोंदणी रद्द का करू नये, अशी कारणे-दाखवा नोटीस आली तर उत्तरासाठी सात कामकाजी दिवस मिळतात. पत्ता दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर हे सात दिवस केव्हा सरले ते कळतही नाही. त्याच कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. बीजके ई-मेलने येत असतील तर ती पेटी हेच आपले दप्तर झाले.

दुसरे कारण आपल्या भूगोलात आहे. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून देशभर ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला, तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. याच तालुक्यातल्या पेण आणि हमरापूर परिसरातील कारखान्यांतून गणेशमूर्ती देशभर आणि परदेशीही जातात. पेणचे पापड-पोहेही दूरवर खपतात. मूर्ती घडवणारा, लाकडी खोके करणारा, रंग आणि हार्डवेअर पुरवणारा, टेम्पो चालवणारा असे नाना हात या एका व्यवहारात असतात. समजा, गागोदे बुद्रुकच्या एखाद्या सुतार कारागिराला परदेशी पाठवायच्या मालाच्या खोक्यांचे काम मिळाले. खोक्यांची मापे, लाकडाची प्रत, पोच देण्याची तारीख आणि ठरलेला भाव हे ई-मेलवर लेखी असेल तर पुढे ‘मी असे बोललोच नव्हतो’ म्हणायला कोणालाच जागा उरत नाही.

पण नेट बंद पडले तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. ज्यांचे सगळे कागद फक्त इंटरनेटवर होते त्यांना अशा दिवसांत काहीच पाहता येत नाही. ज्याच्या लॅपटॉपमध्ये पत्रांची प्रत उतरलेली असते तो मात्र जनरेटरवर घटकाभर यंत्र चालवून विमा कंपनीला दाखवायचे बीजक काढू शकतो.

थोडा मागचा इतिहास

ई-मेल ही नवी चीज नाही. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असा पहिला संदेश पाठवला आणि पत्त्यात ‘अ‍ॅट’ हे चिन्ह आणले. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडणी करावी लागे आणि मिनिटामिनिटाचा खर्च येई. म्हणून लोक युडोरा किंवा आउटलुक एक्सप्रेस अशी सॉफ्टवेअरे वापरीत. फोन लावायचा, आलेली पत्रे संगणकात उतरवायची, लिहून ठेवलेली पाठवायची आणि फोन ठेवायचा. मग वाचन निवांत. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि कोणत्याही संगणकावरून पेटी उघडता येऊ लागली. पुढे मोबाइल आला आणि दुकानातली पेटी मागे पडली. मिनिटाचा खर्च आता राहिला नाही, पण प्रत आपल्या घरात असण्याचा फायदा मात्र कायम आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

विंडोजसोबत मिळणाऱ्या ‘मेल’ या सॉफ्टवेअरचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला. लहान धंद्यासाठी थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी आली. ते मोफत आहे, विंडोजवर चालते तसेच लिनक्स आणि मॅकवरही चालते, आणि एकाच खिडकीत दोन-तीन पत्त्यांची पत्रे दाखवते. नवी आवृत्ती विंडोज १० किंवा त्यापुढच्या विंडोजवरच चालते. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुने यंत्र वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सॉफ्टवेअर उतरवताना एक खबरदारी घ्यावी. शोधयंत्रात नाव टाकल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. ब्राउझरमध्ये ‘थंडरबर्ड डॉट नेट’ हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाइप करावा आणि तेथील ‘डाउनलोड’ बटण दाबावे. उतरलेली फाइल दोनदा क्लिक केली की बसवणी सुरू होते. ‘स्टँडर्ड’ हा पर्याय ठेवून ‘नेक्स्ट’ आणि ‘इन्स्टॉल’ दाबत जावे. पैसे, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला गेला तर आपण भलत्याच ठिकाणी आलो असे समजून तेथेच थांबावे.

पत्ता जोडण्याची रीत

सॉफ्टवेअर प्रथम उघडले की ते तीन गोष्टी विचारते : नाव, ई-मेल पत्ता आणि पासवर्ड. नावाच्या जागी दुकानाचे किंवा कारखान्याचे नाव इंग्रजीत घालावे, कारण पत्र मिळणाऱ्याला तेच दिसते. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर सॉफ्टवेअर बाकीचा तपशील बहुधा स्वतःच शोधते आणि ‘आयमॅप’ की ‘पॉप’ असे विचारते. येथे घाई करू नये, कारण पुढचे बरेच काही या निवडीवर अवलंबून आहे.

आयमॅप म्हणजे पत्रे सर्व्हरवर राहतात आणि त्यांची प्रत आपल्या संगणकावर दिसते. मोबाइलवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते. पॉप म्हणजे पत्र सर्व्हरवरून उतरवून आपल्या संगणकात ठेवायचे. मांडणी तशी असेल तर सर्व्हरवरचे पत्र काही दिवसांनी पुसले जाते आणि मग ते मोबाइलवर सापडत नाही. मोबाइल आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्या दुकानदाराने आयमॅपच घ्यावे.

जीमेलचा पत्ता असेल तर यानंतर गूगलची खिडकी उघडते. तेथे पासवर्ड देऊन परवानगी दिली की जोडणी पुरी झाली. पूर्वी नुसता पासवर्ड भरला की भागत असे. गूगलने ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांसाठी ती जुनी पद्धत बंद करण्यास सुरुवात केली. म्हणून एखादे जुने सॉफ्टवेअर ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहिले तर पासवर्ड बदलत बसू नये. दोष सॉफ्टवेअरच्या वयाचा असू शकतो.

सॉफ्टवेअरला तपशील सापडला नाही तर तो हाताने भरावा लागतो. जीमेलसाठी तो असा आहे :

येणाऱ्या पत्रांसाठी सर्व्हर : आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.
जाणाऱ्या पत्रांसाठी सर्व्हर : एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.
युजरनेम : संपूर्ण ई-मेल पत्ता.
ओळख पटवण्याची पद्धत : ओऑथ२.

हे सारे इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता भरावे. पोर्ट म्हणजे आपले धरमतरचे बंदर नव्हे, पण कल्पना फार वेगळी नाही. कोणता माल कोणत्या धक्क्यावर उतरायचा हे जसे ठरलेले असते, तसा हा सर्व्हरच्या दाराचा क्रमांक आहे. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर जाणाऱ्या पत्रांचा सर्व्हर आणि त्याचे पोर्ट तपासावे. दोन्ही दारे वेगळी असल्याने एक उघडे आणि दुसरे बंद असे होऊ शकते.

जोडणी झाली की स्वतःलाच एक पत्र पाठवावे आणि त्याला एखाद्या बीजकाची फाइल जोडावी. ते पोचले, उघडले आणि मोबाइलवरही दिसले, म्हणजे काम चोख झाले. जीमेलवर एका पत्रासोबत २५ मेगाबाइटपर्यंतच फाइल जाते, त्यामुळे मालाचे मोठे फोटो लहान करून पाठवावेत.

मराठीत पत्र लिहायचे असेल तर युनिकोड टंकच वापरावा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. जुन्या फाँटमधले दरपत्रक असेल तर त्याची पीडीएफ करून जोडावी.

नेट नसतानाही पेटी उघडावी म्हणून

थंडरबर्डच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या ठिकाणी पत्रांची प्रत संगणकावर ठेवण्याची खूण असते. ती केलेली आहे याची खात्री करावी. मग नेट नसतानाही जुनी पत्रे वाचता येतात, आणि लिहिलेले उत्तर ‘आउटबॉक्स’मध्ये थांबून जोडणी आल्यावर पाठवता येते.

मात्र एक गैरसमज टाळावा. आयमॅपवरची प्रत म्हणजे तिजोरी नव्हे. मोबाइलवर कोणी पत्र पुसले तर संगणकावरूनही ते जाते. म्हणून महत्त्वाची बीजके, करार आणि सरकारी पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वर्षवार फोल्डर करून तेथे ‘कॉपी’ करावीत. महिन्यातून एकदा थंडरबर्ड बंद करून त्याचा ‘प्रोफाइल फोल्डर’ पेन ड्राइव्हवर उतरवावा. तो कोठे आहे हे ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ येथे दिसते. हा पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी ठेवावा. पाणी किंवा आग दुकानात शिरली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत.

गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती काढून टाकण्याचे धोरण लागू केले. नोंदणीपुरता काढलेला आणि विसरलेला पत्ता असा नाहीसा होऊ शकतो.

बँक खाते बदलल्याचे पत्र आले तर

व्यापारी ई-मेलवरची मोठी फसवणूक अशी होते. ठग एका बाजूची पेटी फोडतो, व्यवहार वाचत बसतो आणि पैसे देण्याच्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या नव्या खात्यात भरणा करा’ असे पत्र पाठवतो. पत्ता हुबेहूब दिसतो, एखादेच अक्षर वेगळे असते. कधी तर पत्र खऱ्याच पत्त्यावरून येते. अशा वेळी पत्राला पत्राने उत्तर देऊ नये. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाशी बोलून खात्री करावी. पत्रात दिलेला नवा नंबर लावू नये. पैसे गेलेच तर तासभरही न दवडता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली गेली तरच ती वाचते.

गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. दुकानाचा संगणक चार जण वापरत असतील तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ घालावा, म्हणजे साठवलेले पासवर्ड कोणालाही सहज वाचता येणार नाहीत.

आज करावयाची कामे

वाचक बंधूंनी निदान तीन गोष्टी याच आठवड्यात कराव्यात. जीएसटी, उद्यम आणि बँक या तिन्ही ठिकाणी कोणता ई-मेल पत्ता दिला आहे ते पाहावे. तो दुसऱ्याच्या ताब्यातला असेल तर स्वतःचा पत्ता काढून नोंद बदलून घ्यावी. आणि त्या पत्त्याशी जोडलेला मोबाइल नंबर आजही आपल्याजवळ चालू आहे याची खात्री करावी, कारण पासवर्ड विसरल्यावर दार त्याच नंबरावर उघडते. कर सल्लागाराला पत्रे पाहायची असतील तर ती त्याला पाठवून देता येतात. त्यासाठी पेटीचा पासवर्ड त्याच्या हवाली करण्याची गरज नाही.

घरातल्या मुलामुलींकडून हे काम जरूर करून घ्यावे, पण शेजारी बसून. कोणता पर्याय का निवडला ते विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. उद्या मुलगा शिक्षणाला किंवा आखातात नोकरीला गेला तर पेटी उघडायची रीत त्या वहीत सापडेल.